सरासरी हिरवी, सेव्ह मात्र अडकलेलं

डेटाबेसवाल्यांची तक्रार एका ओळीची होती: ‘सेव्ह मध्येच अडकतं, वाचायला काही त्रास नाही.’ डेटा साठवणाऱ्या डिस्कांची व्यवस्था, म्हणजे स्टोरेज, माझ्याकडे. रोजचा रिपोर्ट उघडला तर लेटन्सी, म्हणजे विनंतीला उत्तर यायला लागणारा वेळ, दोन मिलिसेकंदांच्या आत, पोर्ट निम्मेही भरलेले नाहीत, सगळे रकाने हिरवे. रीड आणि राइट एकाच आकड्यात होते म्हणून ते वेगळे काढले. राइट किंचित जास्त, तेही ॲरेच्या, म्हणजे डिस्कांच्या पेटीच्या, कॅशमध्ये (वेगवान तात्पुरत्या मेमरीत) जात असल्याने छानच. ‘आमच्या बाजूने काही नाही’ असा मेल मी आकड्यांसकट ठोकून दिला. तो मेल आठवला की आजही कान गरम होतात.

दोन दिवसांनी त्यांच्यातल्या एकीने अडकलेल्या सेव्हची यादी पाठवली. प्रत्येक वेळी तीस सेकंद आणि वर थोडे. वीस नाही, पन्नास नाही, तीसच. हळू चालणारी डिस्क इतकी शिस्तीची नसते. हा टाइमआउट होता. लिनक्समध्ये डिस्कला केलेल्या विनंतीची वाट मुळात 30 सेकंदच पाहिली जाते, मग ती रद्द होऊन पुन्हा पाठवली जाते.

मग हे रिपोर्टमध्ये का दिसलं नाही? कागदावर हिशोब मांडला. सेकंदाला हजार विनंत्या धरल्या तर तासाला 36 लाख. त्यातल्या वीस जरी तीस-तीस सेकंद लटकल्या, तरी ते 600 सेकंद 36 लाखांत वाटले जातात आणि तासाची सरासरी 0.17 मिलिसेकंदाने वाढते. म्हणजे वीस माणसं स्क्रीनकडे बघत बसलेली आणि आलेखाला साधी सुरकुतीही नाही. त्यात आमच्या ॲरेचा रिपोर्ट फक्त पूर्ण झालेल्या विनंत्या मोजायचा. रद्द झालेल्या त्याच्या खिजगणतीतच नव्हत्या.

मग मोजमाप सर्व्हरच्या बाजूने घेतलं, दर मिनिटाला, सरासरीशेजारी कमाल वेळेचा रकाना टाकून. तिथे तीस हजार मिलिसेकंदांचे सुळके उभेच होते. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच मिनिटांना रद्द झालेल्या विनंत्या होत्या. मात्र आधी घड्याळं जुळवावी लागली; सर्व्हर आणि ॲरेला जोडणारा स्विच सात मिनिटं मागे होता आणि त्यात माझी एक दुपार गेली. रद्द झालेल्या सगळ्या विनंत्या ॲरेकडे जाणाऱ्या दोन पाथपैकी (वाटांपैकी) एकाच पाथवरच्या निघाल्या, आणि त्या पाथच्या स्विच पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, काउंटर हळूहळू चढत होता.

फक्त राइटच का, हे कोडं मला सर्वांत आवडलं. सर्व्हर आणि स्टोरेजला जोडणाऱ्या फायबर चॅनेलच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एका पाकिटात, जास्तीत जास्त 2112 बाइट डेटा मावतो. 64 केबी लिहायचे तर सर्व्हरकडून तीसेक फ्रेम जातात. तेवढंच वाचायचं असेल तर जाताना आज्ञेची एक छोटी फ्रेम, डेटा येतो तो केबलच्या दुसऱ्या तंतूतून. आमचा जाणारा तंतूच खराब होता. फ्रेम बिघडली तर स्विच ती पुन्हा मागवत नाही, सर्व्हर वाट बघत बसतो. एरर मोजक्या, तरी त्यांचा फटका जवळजवळ सगळा राइटला.

पोर्टवर पोहोचणारा प्रकाशही शेजारच्या पोर्टांपेक्षा कमी होता. तो पाथ बंद केला, भार दुसऱ्यावर गेला, केबल काढून भिंगाखाली धरली. टोकाला धूळ! क्लीनरने दोनदा पुसली, परत लावली, काउंटर शून्यावर आणले आणि पाथ सुरू केला. संध्याकाळपर्यंत दर तासाला पाहत होतो. शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य.

रोजच्या रिपोर्टमध्ये आता रीड-राइट वेगवेगळे, कमाल वेळ, रद्द झालेल्या विनंत्या आणि पोर्टच्या एरर असे रकाने आहेत. पूर्वी एका पानात मावायचा, आता तीन पानं होतात आणि त्यावर कुरकुर ऐकू येते. यादी पाठवणाऱ्या बाईंना मात्र मी तो न मागता पाठवतो.