'नको'च्या ढिगात काय असतं

करिअर समुपदेशनात बाईला सुरुवातीलाच 'तुम्हाला काय आवडतं?' असं मी विचारत नाही. उत्तर बहुधा घरात पाठ झालेलं असतं. व्यवसायांची साठेक कार्डं देते आणि तीन ढीग करायला सांगते: चालेल, नको, सांगता येत नाही. खरं काम 'नको'च्या ढिगावर. एकेक कार्ड उचलून कारण विचारायचं, तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. 'मला गणित जमत नाही' आणि 'आमच्यात बायका हे करत नाहीत' ही कारणं एकाच रकान्यात टाकली की सगळा खटाटोप वाया. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की मुलं सहा ते आठ वर्षांची असतानाच 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' म्हणून व्यवसाय गाळू लागतात. मोठेपणी गाळल्याचं आठवत नाही, नावड तेवढी उरते.

त्या दिवशी आलेल्या बाईंनी 'रुग्णशुश्रूषा' हे कार्ड कुठल्याच ढिगात न ठेवता बाजूला सारलं. "हे काय काम आहे? हे तर आम्ही करतोच."

मग तीन पिढ्यांचा तक्ता काढला. प्रत्येकीपुढे दोन रकाने: पैसे मिळालेलं काम, न मिळालेलं काम. (दुसरा रकाना विसरलात तर बायकांच्या तक्त्यात फारसं काही उरत नाही.) आजी, आई आणि आता या, ओळखीत कुणी अंथरुणाला खिळलं की बोलावणं यांनाच.

समाजाने गळ्यात घातलेलं म्हणजे आतून आलेलं नव्हे, असं अनेक समुपदेशक धरून चालतात. मला ते पटत नाही. मी तपशील विचारते. उसनी ओढ 'सेवा', 'समाधान' यापुढे जात नाही. या बाई सांगत गेल्या: दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात, लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर जखम सुरू झाली समजायचं.

अडलं होतं ते मोबदल्यापाशी. "पैसे घेतले तर लोक काय म्हणतील?" इथे वाद घालू नये, समोरची गप्प होते. 'लोक' म्हणजे नेमकं कोण, ती नावं लिहायला लावावीत. दोनच निघाली. ओळखीत विनामूल्य, बाहेर पगारी, अशी वाटणी त्यांनीच सुचवली. प्रशिक्षणाच्या अर्जात अनुभवाच्या जागी 'गृहिणी' खोडून आम्ही कामं लिहिली: कूस बदलणं, अंग पुसणं, औषधांच्या वेळांची नोंद.