फांदी येते, राघू येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. वेडा राघू, म्हणजे उडत्या माश्या धरणारा तो हिरवा पक्षी, माशी धरतानाचा फोटो काढायला गेलं की दर वेळी नुसती रिकामी फांदीच का येते? कारण तुम्ही त्याचं उडणं टिपायला बघता. तो कधी उडणार ते त्यालाच ठाऊक. बटण दाबेपर्यंत गेलेला असतो. परतणं मात्र बरंचसं ठरलेलं. माशी घेऊन तो बहुतेकदा त्याच तुऱ्हाटीच्या (तुरीच्या वाळल्या काडीच्या) शेंड्यावर येऊन बसतो. टिपायचं ते हे.

तूर फुलावर आली की मधमाश्या वावरात आणि राघू धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेवर. पण उजाडताच धावू नका. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला निघतो, तेव्हा माश्या गारठलेल्या आणि राघूही अंग फुगवून ऊन खात बसलेले. शिकार रंगते आठनंतर. साडेनवाच्या पुढे काळी जमीन तापून हवा थरथरायला लागली की महागड्या लेन्सनेही फोटो धुरकटच येतो.

फोटो काढणारे उन्हाकडे पाठ करून सगळेच बसतात. वारा कोणी बघत नाही, आणि घोळ तिथेच होतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, उतरतोही तसाच. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असले तर तो पंख पसरून समोरून येतो. वारा समोरचा असेल तर शेपट्याच मिळतील. सरळ दुसरा धुरा गाठा.

क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, ५०० मिमीची लेन्स, छिद्र एफ ६.३, अंतर आठ मीटर: एवढ्यात फोकसमध्ये राहतं ते जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. ऑटोफोकस हमखास मागच्या तुरीवर पळतो. म्हणून शेंड्यावर फोकस घ्या, मॅन्युअल करा (म्हणजे कॅमेरा तो आपोआप बदलणार नाही) आणि रिंग केसभर फिरवून वीतभर पलीकडे न्या, कारण तो तिकडूनच येणार. शेंडा चौकटीच्या कडेला ठेवा. शटर १/३२०० सेकंदापेक्षा हळू नको. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० झाला तर होऊ द्या. फोटोत दाणे चालतात, फिसकटलेला पंख चालत नाही. साध्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वेडेवाकडे येतात, तिथे मेकॅनिकलच बरं.

राघू बसला म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका. मधमाशी असेल तर तो ती आधी फांदीवर आपटतो, मग तिचं पोट घासून नांगी आणि विष काढतो. चतुर किडा असला तर नुसती आपटाआपटी. शेवटी भक्ष्य हवेत उडवून नीट धरतो आणि गिळतो. अख्ख्या सकाळीतला हाच फोटो सगळ्यात सोपा, आणि तोच लोक सोडतात.

वखर चालू असेल तर बैलांमागे कोतवाल पक्षी आणि बगळे असतातच. बगळ्याला एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा. आकाशासमोरच्या कोतवालाला एक जास्त, नाहीतर नुसतं काळं भोक दिसतं.

फेब्रुवारीनंतर नाल्याच्या काठाशी एक बघा. राघू चोचीत माशी धरून नुसताच बसून राहिला, गिळत नाही, तर बहुधा घरट्याचं बीळ जवळ आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत आहात. उठा आणि पन्नास पावलं मागे या.