पुठ्ठ्याचा बैल: कटर उचलण्याआधी नळ्या बघा

खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असतो. त्याच्या नळ्या एकाच दिशेने जातात आणि शिल्प उभं राहणार की बसणार, हे तिथेच ठरतं. नळ्या उभ्या असतील तर पाय वजन पेलतो. आडव्या असतील तर तो गुडघ्यातच दुमडतो.

वर्गात पहिल्यांदा करायला साधारण ३० सेंमी लांबीचा बैल उत्तम. पुठ्ठा तीन थरांचा, ३ मिमी जाडीचा घ्या. धड, मान, डोकं यांचा बाजूने दिसणारा आकार एकसंध कापायचा. त्यात नळ्या लांबीच्या दिशेने, नाहीतर मान लोंबते. पायांच्या दोन जोड्या कमानीसारख्या वेगळ्या कापायच्या, त्यांत नळ्या उभ्या.

कटर एका दमात दाबून ओढला की खालचा कागद फाटतो. स्टीलची पट्टी धरून तीनदा फिरवा: वरचा कागद, मधली नळी, खालचा कागद. पातं बोथट झालं की कड चुरगळायला लागते. लगेच टोक मोडा.

खरी कसोटी खाचेची. धडाची उंची १२ सेंमी असेल तर धडाला खालून ६ आणि कमानीला वरून ६ सेंमी खाच द्या. रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. ४ मिमी झाली तर बैल डुलतो आणि कितीही फेविकॉल ओतलं तरी डुलतच राहतो. घट्ट झाली तर रेटू नका, नळ्या चेपतात. कडेचा धागाभर पुठ्ठा तासून काढा. आधी तुकड्यावर करून बघाच.

वशिंडासाठी लहान होत जाणारे पाच-सहा तुकडे एकावर एक चिकटवा. फेविकॉल पातळ करू नका, पाण्याने पुठ्ठा लिबलिबीत होतो. पातळ थर लावून अर्धा तास पुस्तकांखाली ठेवा. शिंगांसाठी एका बाजूचा कागद सोलून काढला की उरलेला पुठ्ठा सहज वळतो.

पोट बंद करायची घाई मुलं हमखास करतात. त्यांना पिकासोचं १९१२चं पुठ्ठ्याचं गिटार दाखवावं. पुढे १९१४मध्ये त्याने तेच पत्र्यात केलं. त्यातली पोकळी हाही आकाराचाच भाग आहे, हे पाहिलं की मुलं बैलाचं पोट आपणहून उघडं ठेवतात.

रंग ॲक्रिलिकच, पाणी अगदी कमी. एकाच बाजूला लावलात तर पुठ्ठा वाळताना वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना हात द्या.