सोलापूरच्या रेखांशावरचे काशगर

चीनच्या पश्चिम टोकाला, शिंजियांग प्रांतात असलेले काशगर आणि माझे सोलापूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे सूर्य दोन्हीकडे एकाच सुमारास माथ्यावर येतो. सप्टेंबर 2019 मध्ये मी काशगरला उतरलो तेव्हा सूर्य असाच माथ्यावर होता, आणि विमानतळावरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. साऱ्या चीनला बीजिंगची एकच वेळ लागू आहे. तिथली उइघुर या तुर्कवंशीय मुस्लिम समाजाची माणसे मात्र वर्षानुवर्षे दोन तास मागची स्थानिक वेळ पाळत आली. ती आपल्या भारतीय वेळेच्या अवघा अर्धा तास पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी बाजारात, नानच्या भट्टीपाशी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी खुणेने वेळ विचारली. त्यांनी आधी खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिले, मग बाही ओढून मनगट झाकले आणि बोटांनी बीजिंगची वेळ दाखवली. घड्याळ दोन तास मागे लावले एवढ्यावरून एका माणसाला दहशतवादाचा संशयित ठरवून पकडल्याची साक्ष ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या 2018 च्या अहवालात आहे. तो अहवाल मी निघण्यापूर्वी वाचला होता. वाचूनही मी तो प्रश्न विचारला, याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर मी कोणालाच काही विचारले नाही, फक्त पाहत राहिलो. मातीच्या भिंतींची जुनी वस्ती 2009 पासून पाडून तिच्या जागी नीटनेटके, पर्यटकांना आवडेल असे ‘जुने शहर’ उभारलेले आहे. 1442 सालच्या ईदगाह मशिदीत तिकीट काढून जावे लागले आणि आत नमाजींपेक्षा आमच्यासारखे पाहुणेच अधिक दिसले. चौकाचौकात पोलीस चौक्या होत्या, आणि तपासणी नाक्यांवर स्थानिकांना ओळखपत्र दाखवून यंत्रापुढे चेहरा धरावा लागे, तर मला हसून पुढे सोडले जाई. खाटकाच्या दुकानात सुरा साखळीने ओट्याला बांधलेला होता. शेजारचे यंगीहिसार हे गाव सुऱ्यांसाठी पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध, आणि इथे मांस कापणाऱ्याच्या हातातल्या सुऱ्यालाही साखळी!

नाहीशी झालेली उइघुर माणसे कुठे गेली, हा खरा प्रश्न होता. 2017 पासून उभारलेल्या छावण्यांत सुमारे 10 लाख लोक डांबलेले असावेत, असा अंदाज ऑगस्ट 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीत मांडला गेला. सरकारने छावण्या आधी नाकारल्या आणि मग त्यांना ‘व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे’ म्हटले. त्याआधीच उइघुर घरांत नाहीशा झालेल्या माणसाबद्दल ‘शिकायला गेला आहे’ असे बोलले जाऊ लागले होते. आपल्याकडे मुलगा शिकायला गेला की आई ते शेजारीपाजारी अभिमानाने सांगते. तिथे तेच वाक्य दबक्या आवाजात म्हटले जाते आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही.

31 ऑगस्ट 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आपल्या अहवालात म्हटले की, ही स्थानबद्धता मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकते. छळाच्या, सक्तीच्या संततिनियमनाच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी त्यात विश्वासार्ह मानल्या होत्या. त्यावर नुसती चर्चा व्हावी, एवढाच ठराव 6 ऑक्टोबरला मानवाधिकार परिषदेपुढे आला आणि 17 विरुद्ध 19 मतांनी पडला. तटस्थ राहिलेल्या 11 देशांत भारत होता, हे मला फार लागले.

काशगरहून पुढे होतान या शहरी जाऊन तिथल्या वाळवंटातला इमाम आसिमचा मझार, म्हणजे दर्गा, पाहण्याची माझी इच्छा होती. एके काळी तिथे मोठी जत्रा भरे. पण 2019 च्याच मे महिन्यात उपग्रहचित्रांवरून उघड झाले होते की कबरीभोवतीच्या इमारती भुईसपाट झाल्या आहेत, म्हणून मी काशगरहूनच परतलो. असे मझार, तिथली गाणी, तिथले नवस यांची नोंद ज्यांनी गावोगाव हिंडून ठेवली, त्या शिंजियांग विद्यापीठातल्या प्राध्यापक राहिले दावुत डिसेंबर 2017 मध्ये उरुम्चीहून बीजिंगला निघाल्या आणि बेपत्ता झाल्या. राज्याची सुरक्षितता धोक्यात आणल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप झाल्याचे 2023 मध्ये बाहेर आले. तोवर त्यांची मुलगी अमेरिकेतून जवळजवळ सहा वर्षे एकच प्रश्न विचारत होती: माझी आई कुठे आहे?