धिंगरीतून पॉलिसॅकराईड काढताना – माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी धिंगरी घेतली, म्हणजे ऑयस्टर मशरूम, कारण आपल्याकडे सोयाबीनच्या कुटारावर, भाताच्या पेंढ्यावर कुठेही होते आणि वाळवलेली आरामात मिळते. गाईड मॅडम म्हणाल्या, पॉलिसॅकराईड, म्हणजे साखरांच्या लांब साखळ्या, काढ, इम्युनिटीचा विषय आहे, चालेल.

पेपरात वाचलं तर सगळं दोन ओळीत उरकतं. पूड करा, आधी ८० टक्के अल्कोहोलने साध्या साखरा न् रंग काढून टाका, मग उरलेला चोथा ९०-९५ डिग्रीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा आणि गाळा. हे "गाळा" म्हणजे खरी परीक्षा हो, काढा इतका बुळबुळीत की फिल्टर पेपर लगेच चोक होतो, शेवटी मलमलच्या कापडातून पिळून मग सेंट्रीफ्यूज. पॅसेजभर वास, येणारा जाणारा विचारतोय सूप केलंय का!

पण आटवलेल्या काढ्यात चौपट थंडगार अल्कोहोल ओतलं ना, की पांढरे धागे सुटायला लागतात, ते बघायला भारी वाटतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की तळाशी बसतात. त्यानंतर प्रोटीन काढायला सेवाग, म्हणजे क्लोरोफॉर्म न् ब्युटॅनॉल ४:१, हलवायचं, दोन थरांच्या मधे प्रोटीनची साय धरते ती टाकायची, परत हलवायचं, आणि दरवेळी थोडा आपला मालही जातो. मग डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, छोटे रेणू निघून जातात, मग फ्रीज ड्रायरसाठी (गोठवून वाळवायचं मशीन) नंबर लावून बसा. हातात येते चिमूटभर पावडर.

फिनॉल-सल्फ्युरिकला, म्हणजे साखर मोजायच्या टेस्टला, ४९० नॅनोमीटरवर आकडा छान आला, सगळे खूश. व्हायव्हाला एक्सटर्नल सरांनी बरोबर तिथेच धरलं, "हे बीटा-ग्लुकान कशावरून?" बीटा-ग्लुकान म्हणजे ग्लुकोजची एका ठरावीक जोडणीची साखळी, इम्युनिटीसाठी तीच हवी. प्रश्न रास्तच होता, कारण ही टेस्ट सगळ्याच साखरा मोजते, मशरूममधलं ग्लायकोजेनसुद्धा, म्हणजे साठवणीचं अल्फा-ग्लुकान. आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर ओळखतो ते १,३ साखळीचं बीटा-ग्लुकान, ते वेगळं मोजायला एन्झाईम किट लागतं न् ते महाग. मी तसंच सांगितलं, अल्फा-ग्लुकान वजा केलेलं नाही म्हणून. बाजारात डब्यांवर "पॉलिसॅकराईड इतके टक्के" लिहितात तिथंही हाच घोळ, धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीचे धागे) असेल तर स्टार्चही त्यात धरला जातो.

नातेवाईकांचं वेगळंच, "थोडी पावडर काकांना दे की, जपानात कॅन्सरला देतात म्हणे". अहो, ते शिताके मशरूमचं लेंटिनान नावाचं पॉलिसॅकराईड, १९८५ ला तिथे मंजुरी मिळाली ती पोटाच्या कॅन्सरला केमोच्या जोडीनं, आणि तेही इंजेक्शनातून. माझी पावडर क्लोरोफॉर्ममधून निघालीय, तिच्यावर नॉट फॉर ह्यूमन यूज लिहून डीप फ्रीजरला ठेवलीय.