गुडघ्याला बाशिंग

दुखऱ्या गुडघ्यावर इलाज सांगायला आपल्याकडे पदवी लागत नाही. रुईच्या पानाला तेल लावून तव्यावर गरम कर आणि बांध, निर्गुडीचा शेक घे, पारिजातकाचा काढा पी, डिंकाचे लाडू खा... लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एवढं सगळं ऐकून होतं. माझ्या डाव्या गुडघ्याची केस तशी साधी आहे. जिना चढताना ठीक, उतरताना वाटीखाली कळ. मांडी घालून बसलं तर उठताना करकर. एमआरआयच्या कागदावर वाटीखाली झीज आणि गादीला जुनी चीर. आमच्या घरात याला ‘ग्रीस संपलं’ म्हणतात. ते म्हणून झालं आणि विषय मिटला.

पुन्हा उकरला गेला तो मी ट्रायथलॉनचं नाव काढल्यावर. ‘‘आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात,’’ असं मी स्वयंपाकघरात जाहीर केलं, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. ‘‘खुळी हैस काय गं? सत्यनारायणाला खुर्ची लागती तुला, आन् तळ्यात उडी मारतीस?’’ प्रश्न रास्त होता. आतून सासूबाई म्हणाल्या, ‘‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीया, ऐकतीय कुठं!’’ निदान बाशिंग बांधायची जागा तरी अचूक होती.

घरच्यांचाही दोष नाही. ट्रायथलॉन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आयर्नमॅनच येतो. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन, बहुतेक ठिकाणी सतरा तासांच्या आत. मिलिंद सोमणनं 2015 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला तो पुरा केला आणि तेव्हापासून हा प्रकार आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसला. मुळात आयर्नमॅन जन्माला आला तोच एका वादातून. धावणारा भारी, पोहणारा भारी की सायकलवाला भारी? जॉन कॉलिन्स या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं हवाईतल्या ओआहू बेटावर होणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकामागं एक जोडली आणि म्हणाला, करूनच बघा. 1978 च्या फेब्रुवारीत पंधरा जण निघाले, बारा पोचले. कोल्हापूरचा कोणी तिथं असता तर ‘पैलवान भारी’ असा चौथा पक्ष निघून तो वाद अजून चालू राहिला असता.

पण याच खेळाचं एक धाकटं रूप आहे. स्प्रिंट म्हणतात त्याला. 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर. मी बोलते आहे ते याबद्दल. हे आकडे ऐकल्यावर जाऊबाईंचा चेहरा थोडा सैल झाला, मग लगेच आवळला. ‘‘तरीबी पळायचं हायच की.’’

पळायचं आहेच. पण सगळ्यात शेवटी आहे, आणि त्यामागचं कारण मला फार शहाणपणाचं वाटतं. 1974 साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बेला आजच्या धर्तीची पहिली ट्रायथलॉन झाली तेव्हा धावणं आधी होतं आणि पोहणं शेवटी. पण दमलेला माणूस रस्त्यावर असेल तर कठड्यावर टेकतो. पाण्यात दमला तर काय करणार? म्हणून आता क्रम उलटा. पोहणं ताज्या अंगानं उरकून टाकायचं.

आमच्याकडं पोहायला शिकतात ते विहिरीत नाहीतर पंचगंगेत, पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड नाहीतर रिकामा डबा बांधून, मुंडी वर काढून आणि पायांनी बेडूक मारत. मीही तशीच शिकले. फिजिओथेरपिस्ट मुलीनं पहिल्याच दिवशी बेडूक बंद करायला लावला. त्या लाथेत गुडघा बाहेरच्या बाजूला वळतो आणि आतल्या बाजूच्या शिरांना ताण बसतो म्हणे. मग फ्रीस्टाइल. या वयात तोंड पाण्यात घालून कुशीवर श्वास घ्यायला शिकणं म्हणजे नाकातोंडात क्लोरीन आणि शेजारच्या लेनमध्ये फिदीफिदी हसणारी चौथीतली पोरं. पण तिथं मला एक वस्तू भेटली, पुलबॉय. मधे चिमटलेला, इंग्रजी आठच्या आकाराचा फोमचा ठोकळा. तो मांड्यांमध्ये धरला की पाय आपोआप वर तरंगतात आणि काम सगळं हातांना. त्या दिवशी टाइल्सवरची काळी रेघ बघत मी तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले आणि सबंध वाटेत डावा गुडघा नुसता मागून येत होता, पाहुण्यासारखा. स्पर्धेत हा ठोकळा चालत नाही, पण सरावात कोण बघतंय!

सायकलचं गणित अजून सोपं निघालं. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या आपल्या शाळकरी हिशेबानं मी सीट खाली ठेवत होते. सीट खाली असली की प्रत्येक पेडलला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. दुकानातल्या पोरानं मला भिंतीला धरून बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली, पेडल सगळ्यात खाली आणलं आणि पाय सरळ होईस्तोवर सीट वर घेत गेला. दुसरी गोष्ट गिअरची. जड गिअर रेटत चढणं आमच्याकडं इज्जतीचं मानतात. मी इज्जत सोडली. हलक्या गिअरवर, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या. वाघबीळपासून पन्हाळ्याकडं चढताना माझे पाय शिलाई मशिनगत फिरतात आणि बाजूनं दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला दया येऊन हळू होतो. उतारावर मात्र मीच राणी. जिना उतरताना जीव घेणारा गुडघा पन्हाळा उतरताना ब्र काढत नाही.

आणि धावणं? ते मी निम्मं चालते. सायकलवरून उतरल्या उतरल्या पाय आपले राहात नाहीत, कुणाकडून तरी उसने आणलेले वाटतात, त्यात माझा एक आधीच रुसलेला. तेव्हा थोडं पळायचं, थोडं चालायचं. याची लाज वाटायची. मग मी नियम वाचले.

नियमपुस्तिका वाचणारी माणसं कमी असतात, पण गुडघा दुखणाऱ्यानं ती जरूर वाचावी. कुठल्याही पद्धतीनं पोहा. दमलात तर बॉयाला, म्हणजे पाण्यात खुणेला तरंगत ठेवलेल्या फुग्याला, किंवा थांबलेल्या होडीला धरून दम खा, फक्त होडीच्या आधारानं पुढं सरकू नका. सायकल चालवता आली नाही तर हातात धरून ढकलत न्या. शेवटच्या टप्प्यात पळा किंवा चाला. रांगायला तेवढी मनाई आहे. कडक काय, तर हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल हलवायची नाही. इतका समंजसपणा मला आमच्या नात्यातल्या एकाही लग्नात आढळलेला नाही. तिथं पंगतीत खुर्ची मागितली की वय विचारतात.

खरा कंटाळवाणा भाग कुठल्याच फोटोत येत नाही. तो सतरंजीवर असतो. पाय सरळ ताणून उचलून धरा. कुशीवर पडून गुडघे जुळवा आणि वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा, मिटा. पायांना थेराबँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा, लावून खेकड्यासारखं आडवं चाला. फिजिओ म्हणते, दुखतो गुडघा, पण गुन्हा बहुतेक वेळा कमरेचा असतो. कंबर ढिली पडली की सगळा भार गुडघ्याच्या गळ्यात. मी हे टीव्हीसमोर करते, म्हणजे मालिकेला जे करायचं ते करता येतं. आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर सुट्टी. यात मात्र चर्चा नाही. ‘थोडं सोसायचं’ हा सल्ला बाकी कुठं चालत असेल तर चालो, सुजलेल्या सांध्यापुढं तो निव्वळ मूर्खपणा आहे.

जाऊबाई रोज सोफ्यावरून हे शिंपले बघतात. मध्ये काहीबाही बोलतात, ‘‘किती ते उलटंपालटं’’ वगैरे. परवा जाहिराती लागल्या तेव्हा आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, ‘‘ते पोहायचं, बायकांची बॅच सकाळी असती का सांच्याला?’’ मी म्हटलं, दुपारी. ‘‘मग बरं हाय,’’ म्हणाल्या. ‘‘भांडी आवरून येता येईल.’’

त्यांचे दोन्ही गेलेत.