दोन पोप आणि आमची आई

आज दुपारी घरी सगळ्यांनी ‘द टू पोप्स’ पाहिला, पोप बेनेडिक्ट आणि त्यांच्यानंतर पोप झालेले फ्रान्सिस यांच्यावरचा सिनेमा. वीस मिनिटांत आईचा निकाल: "दोन म्हातारे नुसते बोलतायत, पुढं ढकल की!" पण पिझ्झा आणि फँटा आला तशी ती टेकून बसली, नंतर उठलीच नाही.

अँथनी हॉपकिन्सचा बेनेडिक्ट चिडतो तेव्हा आवाज चढत नाही, ओठ तेवढे घट्ट होतात. फ्रान्सिस झालेला जोनाथन प्राइस ऐकताना नुसते डोळे हलवतो. दोघांनाही ऑस्कर नामांकनं होती, उगाच नाही.

वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला मेसेज केला तर तिचं वेगळंच. "सिनेमातली त्या दोघांची २०१२ची भेट कल्पित आहे गं. आणि फ्रान्सिसला सगळं गोड, बेनेडिक्टला सगळं कडू, हे बरोबर नाही." पटलं. बेनेडिक्टच्या कबुलीजबाबाच्या वेळी तर आवाजच बुडवून टाकलाय. पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचा विषय नेमका तिथेच निघतो, आणि आपल्याला ऐकूच येत नाही. मला ती पळवाट वाटली. नवरा म्हणतो, कबुली ऐकायचा हक्क आपल्याला नाहीच. वाद अजून चालू आहे.

बरं, सिनेमातलं सिस्टाइन चॅपेल (नवा पोप निवडतात ते व्हॅटिकनमधलं प्रार्थनास्थळ) खरं नाही, रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेला सेट आहे. हे सांगितल्यावर आई माझ्यावरच रागावली.

शेवटी दोघं बघतात २०१४ची फुटबॉल वर्ल्डकप फायनल, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, म्हणजे बेनेडिक्टचा देश विरुद्ध फ्रान्सिसचा. मुलगा म्हणाला, "यात तरी बेनेडिक्ट जिंकला!"

तुमच्या घरी कोण कोणाच्या बाजूला होतं?